बागाईतदाराची पत आणि सातबाऱ्यावरील नांव

निर्मळ येथील बागाईतदार बंधूंस कर्ज नवीन नाहीं. केळीची लागण, फुलझाडांचें खत, विहिरीवरील पंप किंवा सुकेळीचा छोटा धंदा, कोणतेंही काम हातीं घेतलें कीं माल विकून पैसा येण्यापूर्वीं भांडवल लागतें. पूर्वीं तें सावकाराकडून येई. पुढें १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांचा मार्ग उघडला. आपल्या वसईंत १९१८ मध्यें स्थापन झालेली बॅसीन कॅथॉलिक पतसंस्था आज मोठी सहकारी बँक आहे. सावकार माणूस पाही, पतपेढी जामीन पाही. आतां तिसरा मार्ग आला आहे. तो नोंदी पाहतो.

रिझर्व्ह बँकेनें १७ ऑगस्ट २०२३ पासून एक सामायिक कर्जव्यवस्था प्रयोगादाखल सुरू केली. २०२४ मध्यें तीस ‘युनिफाइड लेंडिंग इंटरफेस’ असें नांव मिळालें. आरंभीं जीं पांच राज्यांचीं जमीन-दप्तरें तीस जोडलीं, त्यांत महाराष्ट्राचें दप्तर आहे. आधारची ओळख, अर्जदाराच्या संमतीनें खात्याचा जमाखर्च, कांहीं दूधसंघांस घातलेल्या दुधाच्या नोंदी, हें सर्व बँकेस एके ठिकाणीं पाहतां येतें. किसान क्रेडिट कार्डाचीं १ लाख ६० हजारांपर्यंतचीं कर्जें, दुग्धव्यवसायाचीं कर्जें व लहान धंद्यांचीं विनातारण कर्जें यांपासून प्रयोगास आरंभ झाला. १ जानेवारी २०२५ पासून शेतीच्या विनातारण कर्जाची मर्यादा दोन लाख झाली आहे.

हेलपाटे वांचतील, हा लाभ उघड आहे. परंतु महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मीं जें वारंवार पाहिलें, तें सांगणें अवश्य वाटतें. बाप वारून बारा वर्षें झालीं, तिघे भाऊ वांटून खातात, पण सातबाऱ्यावर नांव बापाचेंच! पूर्वीं साहेबास अडचण समजावितां येई, शेजाऱ्याची ग्वाही देतां येई. यंत्रास ती सोय नाहीं. त्याच्या लेखीं त्या तिघांस जमीनच नाहीं.

म्हणून तीन गोष्टी कराव्या. पहिली, वारसाची वर्दी तलाठ्याकडे, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वेळीं द्यावी. जमीन महसूल संहितेनें त्यास तीन महिन्यांची मुदत आहे. दुसरी, २०२१ पासून चालू असलेली ई-पीक पाहणी आपल्या मोबाइलवरून दर हंगामास करावी. तिसरी, फुलांचा व भाजीचा पैसा शक्य तितका खात्यांतून घ्यावा. रोखीनें कितीही उलाढाल केली, तरी ती बँकेस दिसत नाहीं.

एक सावधगिरी मात्र हवी. मोबाइलवर झटपट कर्जाचीं आमंत्रणें येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यांत जमा व्हावी व व्याजासह एकंदर वार्षिक खर्च अगोदर लेखी दाखवावा, असें आहे. जो हें टाळतो, किंवा मोबाइलमधील ओळखीच्या लोकांचीं नांवें व छायाचित्रें पाहूं मागतो, त्याच्याशीं व्यवहार करूं नये.

बंधूंनो, पावसाळा लागण्यापूर्वीं पंधरा रुपये खर्चून महाभूमीवरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढा, व त्यावरील नांवें घरांतील माणसांशीं ताडून पाहा. चूक आढळल्यास अर्ज त्याच आठवड्यांत करा. फेरफाराच्या नोटिशीची मुदतच पंधरा दिवसांची असते. लागणीच्या तोंडावर धांवून ती कमी होत नाहीं.