आधी दोघांचे रक्त तपासा!

“सिस्टर, मुलाचा नि मुलीचा रक्तगट एकच आहे हो. हे लग्न करावं की नाही?”

हा प्रश्न मला आजवर किती वेळा विचारला गेला, त्याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली आहे. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात, गरोदर स्त्रियांच्या विभागात माझी सव्वीस वर्षे गेली. पण हा प्रश्न इस्पितळात फारसा येत नाही. तो येतो हळदीकुंकवाला, लोकलच्या डब्यात, साखरपुड्याच्या पंगतीत. मी नर्स आहे असे कळले की कुणीतरी मला बाजूला घेते नि हलक्या आवाजात विचारते. ‘एक नाड’ नको तसा ‘एक रक्तगट’ही नको, अशी समजूत आपल्या चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतून कशी रुजली कोण जाणे! तेव्हा आधी तिचाच निकाल लावते. नवराबायकोचा रक्तगट एकच असला तर काहीही बिघडत नाही. बायकोचा गट आर.एच. निगेटिव्ह नि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर मात्र डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. त्यावर अँटी-डीचे इंजेक्शन आहे. ते साधारण २८व्या आठवड्यात, आणि मूल पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देतात.

गंमत अशी की, रक्तगटाची एवढी चिंता वाहणारी ही मंडळी रक्तासंबंधी जे विचारायला हवे ते विचारीत नाहीत. मुलगा नि मुलगी दोघेही थॅलेसीमिया ‘मायनर’ तर नाहीत ना, हा तो प्रश्न.

हे मायनर प्रकरण काय आहे ते सोप्या भाषेत सांगते. हिमोग्लोबिन कसे बनवायचे याची जणू एक चिठ्ठी आपल्याला आईकडून मिळते नि एक वडिलांकडून. एका चिठ्ठीत खोट असली तरी दुसरीवर काम निभावते. असा माणूस धडधाकट असतो, नोकरी करतो, गड चढतो, नातवंडे खेळवतो. फार तर त्याचे हिमोग्लोबिन थोडे कमी भरते. हा आजार नव्हे. पण अशा दोघांचे लग्न झाले, म्हणजे त्यांचे प्रत्येक मूल दोघांकडून एकेक चिठ्ठी उचलते. दोन्ही चांगल्या आल्या तर उत्तमच. एक चांगली नि एक खोटीची आली तर मूल आईबापांसारखेच मायनर. आणि दोन्ही खोटीच्या आल्या तर थॅलेसीमिया मेजर. चारांत एक वेळा हे शेवटचे घडू शकते.

मेजरचे मूल जन्मतः गुटगुटीत असते. बारसे थाटात होते. सहा महिने उलटले की ते फिके पडू लागते, दूध नीट पीत नाही, पोट मोठे दिसते. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणे आले, ते जन्मभर. दिलेल्या रक्ताबरोबर शरीरात लोह साठत जाते नि हृदय, यकृत, ग्रंथी यांना इजा करते. ते बाहेर काढण्यासाठी रोजची औषधे आली. भावंडाचा अस्थिमज्जा जुळला तर रोपण करता येते, पण तो जुळतोच असे नाही. नीट उपचार मिळालेली अशी मुले आज शिकतात, नोकरीला लागतात, संसारही थाटतात, हेही इथे सांगायलाच हवे. मात्र त्यासाठी आईबापांच्या आयुष्याची किती वर्षे रक्तपेढीच्या बाकावर जातात ते मी पाहिले आहे.

“पण हे सिंधी लोकांत असतं ना?” असे एका शिक्षिकाबाईंनी मला विचारले होते. फाळणीनंतर उल्हासनगरात येऊन वसलेल्या सिंधी मंडळींत, तसेच पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली यांच्यात मायनरचे प्रमाण जास्त आहे, हे खरे. पण देशभरचा अंदाज धरला तर शंभरांत तीन-चार माणसे मायनर आहेत, आणि दर वर्षी दहा हजारांच्या वर मेजर मुले जन्माला येतात. विदर्भात नि नंदुरबारकडे याचेच भावंड असलेला सिकलसेल आहे. त्याच्यासाठी तर २०२३ सालापासून केंद्र सरकारची मोठी मोहीम चालू आहे. दडून बसलेली खोट आपल्या मराठी घरांनाही नवी नाही. १९५२ साली डॉ. भेंडे नि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईतच एक विलक्षण दुर्मिळ रक्तगट सापडला. तो ‘बॉम्बे’ याच नावाने जगभर ओळखला जातो. तोही असाच, दोन्ही चिठ्ठ्या जुळून आल्या तरच दिसणारा. आईबापांना त्याची गंधवार्ताही नसते.

डोंबिवलीची एक मुलगी आमच्याकडे आली होती. बँकेत नोकरी, पहिलेच दिवस गेलेले, आठवा आठवडा. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. “लग्नाआधीपासून लोहाच्या गोळ्या खातेय सिस्टर, काही फरक नाही.” तिचा कागद पाहिला तर तांबड्या पेशी आकाराने बारीक, पण संख्येला कमी नाहीत. असे दिसले की अनुभवी नर्सच्या मनात पाल चुकचुकते. डॉक्टरांना दाखवले, एच.पी.एल.सी. नावाची तपासणी झाली नि मुलगी मायनर ठरली. आता नवऱ्याचे रक्त हवे. बरोबर आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “त्याला कशाला? आमच्याकडे असलं कुणाला नाही. हे माहेरचं असेल.”

अशा वेळी वाद घालू नये. मी कागद घेऊन त्यांच्या घराण्याचा वृक्ष काढायला बसले. हे आमचे खास काम. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, लग्नाची आडवी रेघ, मुलांच्या उभ्या रेघा. ‘आनुवंशिक आजार आहे का?’ असे विचारले तर कुणीही नाहीच म्हणते. ‘घरात लहानपणी कुणी गेलं का? कुणाला वरचेवर रक्त द्यावं लागायचं का? नात्यात लग्न झालंय का?’ असे विचारावे. आणि सुनेला विचारायचे ते सासूदेखत विचारू नये. त्यांना तेवढ्यापुरते केसपेपरच्या खिडकीपाशी धाडणे हीसुद्धा परिचारिकेची एक विद्याच आहे! या वेळी मात्र मला सासूबाईच हव्या होत्या.

वृक्ष काढता काढता त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “माझ्या धाकट्या दिरांची दोन मुलं गेली. वर्ष-दीड वर्षाची होऊन पांढरीफटक पडली. दृष्ट काढली, अंगारे झाले... जाऊबाईंना सगळे नावं ठेवायचे. ती सासूबाईंच्या भावाचीच मुलगी.”

कागदावर रेघा आपोआप जुळल्या. दिरांना मामाचीच मुलगी केलेली. त्या मामा-आत्याच्या घरातली एक खोट दोन्ही बाजूंनी त्या मुलांत एकत्र आली असावी, आणि तीच दिरांच्या थोरल्या भावाकडून, म्हणजे या बाईंच्या यजमानांकडून, मुलात उतरली असणार. दुसऱ्या दिवशी मुलगा येऊन रक्त देऊन गेला. मायनर. सासूबाईंनी तो कागद बराच वेळ हातात धरला होता. “म्हणजे जाऊबाईंचा दोष नव्हता,” एवढेच त्या बोलल्या. त्या जाऊबाई केव्हाच वारल्या होत्या.

मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आपल्याकडे अनेक जातींत आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. सख्ख्या आते-मामे भावंडांचे आठवा हिस्सा जनुक समान असतात. कोणत्याही जोडप्याच्या मुलात जन्मजात दोष असण्याचा संभव शंभरांत दोन-तीन धरतात. अशा लग्नात त्यात आणखी दोन-तीनांची भर पडते. म्हणजे बहुतेक मुले निरोगीच निपजतात. ज्यांची लग्ने होऊन गेली त्यांनी घाबरून जाऊ नये. तपासणी मात्र लवकर करावी.

लवकर म्हणजे किती लवकर, हाच सगळा मुद्दा आहे. गर्भाची तपासणी करायची तर वारेच्या कोवळ्या तंतूंचा नमुना अकराव्या ते तेराव्या आठवड्यात घेतात, गर्भजल सोळाव्या आठवड्यापासून पुढे. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका आहे, अनुभवी हातांत शंभरांत एक किंवा त्याहूनही कमी. पण त्याआधी आईबापांच्या रक्तातली खोट नेमकी कोणती ते शोधावे लागते नि त्यात दिवस मोडतात. आपल्याकडे अजून तिसरा संपेपर्यंत कुणाला सांगायचे नाही, नाव घालायला चौथ्या-पाचव्यात जायचे! त्यातून नवरा ‘मला काय झालंय?’ म्हणून दोन आठवडे खातो. म्हणून माझे एकच म्हणणे असते की दोघांचे रक्त एकाच दिवशी घ्या. डोंबिवलीच्या जोडप्याला वेळ मिळाला. अकराव्या आठवड्यात तपासणी झाली, बाळ मायनर निघाले.

दुसरे एक जोडपे आले ते पाचवा लागल्यावर. घरी मेजरचा एक मुलगा होता. “चारांत एक ना? तो एक झाला. आता तीन मोकळी,” असा वडिलांचा हिशेब. किती जण असा हिशेब करतात! पत्ते दर खेपेला पुन्हा पिसले जातात. आधीच्या डावाची आठवण त्यांना नसते. गर्भजलाचा अहवाल आला तो मेजरचाच. २०२१ साली गर्भपाताच्या कायद्यात सुधारणा झाली. गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर २४ आठवड्यांनंतरही वाट आहे. पण कायद्याने सवड दिली तरी शरीर कुठे देते? त्या बाईने गर्भ काढून घ्यायचे ठरवले. तिसऱ्या दिवशी तिला दूध उतरले. असे होऊ शकते हे मी तिला आदल्या दिवशी सांगून ठेवले होते. घट्ट चोळी कशी बांधायची तेही दाखवले होते. ती रडली, पण दचकली नाही. या गोष्टी अहवालात छापलेल्या नसतात.

आणखी एकीने तपासणीलाच नकार दिला. “जे येईल ते माझं,” म्हणाली. तिलाही मी तितकेच बळ दिले, मूल सहा महिन्यांचे झाले की कोणती तपासणी करायची तेवढे लिहून दिले.

“सिस्टर, तुमची मुलगी असती तर तुम्ही काय सांगितलं असतं?” हे प्रत्येक जण विचारते. मी उत्तर देत नाही. याला कुणी कोरडेपणा म्हणेल. मी उलट विचारते, दर महिन्याला रक्त द्यायला कोण नेईल? रजा कुणाला मिळेल? गर्भ काढला तर पुढच्या वर्षी या तारखेला तुला काय वाटेल असं वाटतं? १९४७ साली अमेरिकेत शेल्डन रीड यांनी या सल्ल्याला आजचे इंग्रजी नाव दिले, तेव्हा ‘कुणी मुले व्हावी, कुणी नाही’ हे सरकारांनी ठरवण्याचे भयंकर परिणाम जगाने नुकतेच पाहिले होते. निर्णय जोडप्याचाच, हे या कामाचे पथ्य तेव्हापासूनचे आहे. हे काम डॉक्टरांचे असे आपण समजतो. पण डॉक्टरांसमोर बाई मान डोलावते, नि बाहेर येऊन मला विचारते, “ते काय म्हणाले हो?”

परवा-परवाची गोष्ट. अडतीस वर्षांची एक बाई ‘हाय रिस्क’ असा तांबड्या अक्षरांतला कागद घेऊन आली. दोन दिवस जेवली नव्हती. आकडा होता १८०त १. मी म्हटले, “अगं, म्हणजे १८० जणींतल्या १७९ जणींचं बाळ डाऊनचं नसतं. हा निकाल नव्हे, पुढची तपासणी करायची का एवढाच प्रश्न आहे.” तिने तिथेच डबा उघडला.

आणि हो, तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्यावर “मुलगा की मुलगी तेवढं कळलं असेल ना?” असे विचारणारेही भेटतात. महाराष्ट्राने १९८८ साली नि केंद्राने १९९४ साली कायदा केला आहे. विचारणे हाही गुन्हा, सांगणे हाही. तिथे माझा आवाज गोड राहत नाही.

तुळशीचे लग्न लागले की यंदाही पत्रिका बाहेर निघतील. त्यांच्याबरोबर दोघांची सी.बी.सी. नि एच.पी.एल.सी. करून घ्यावी. जन्मात एकदाच करायची ही तपासणी. उपाशी पोटी राहावे लागत नाही. दोघांपैकी एकाचा अहवाल निर्दोष असला तर मेजरची भीती जवळजवळ उरत नाही. दोघेही मायनर निघाले तरी लग्न मोडायचे कारण नाही. सायप्रसमध्ये १९८०च्या दशकात चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली, तरी बहुतेक जोडप्यांनी लग्ने केलीच, आणि तिथे मेजरची मुले जन्मणे जवळपास थांबले. लग्न झालेल्यांनी दिवस राहण्यापूर्वी हे उरकावे, त्याच वेळी फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात. बाळाच्या पाठीचा कणा नि मेंदू यांची नळी अठ्ठाविसाव्या दिवशी मिटलेली असते, तेव्हा पुष्कळ जणींना आपल्याला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. अहवाल ज्याचा त्याच्या हाती द्यावा, मध्यस्थाच्या नव्हे. लोह फार कमी असेल तर अहवाल फसवा येऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितले तर कुरकुर करू नये. आणि गेल्या तीन महिन्यांत कुणाला रक्त चढवले असेल तर प्रयोगशाळेत आधी सांगावे. नाहीतर दुसऱ्याच्या रक्ताचा हिशेब आपल्या नावावर यायचा.