संशय आणि खात्री

युद्ध पेटलें कीं न्यायासनाचा आवाज क्षीण होतो, ही समजूत अगदींच खोटी नाहीं. परंतु या देशांत घडलेला एक अपवाद वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १९३९ च्या हिंदुस्थान संरक्षण कायद्यानें, ज्याच्याविषयीं सयुक्तिक संशय असेल अशा मनुष्यास चौकशीवांचून स्थानबद्ध करण्याचे नियम करण्याची मुभा दिली. प्रत्यक्षांत २६ व्या नियमांत संशयाची ही अटच गळाली; 'सरकारची खात्री झाल्यास' एवढेंच पुरे मानलें गेलें. अर्ध्या मात्रेच्या बचतीनें हर्षणाऱ्या आमच्या वैयाकरणांनाही ही काटकसर रुचली नसती! संशयाला कांहीं आधार मागतां येतो; दुसऱ्याच्या खात्रीला कोणता मागावा? मुंबई हायकोर्टाकडून गेलेल्या केशव तळपदे यांच्या अपिलांत फेडरल कोर्टानें एप्रिल १९४३ मध्यें तो नियमच बेकायदा ठरविला. आदल्याच वर्षीं 'चले जाव'ची चळवळ झालेली, तुरुंग भरलेले; अशा वेळीं इंग्रज मुख्य न्यायमूर्ति सर मॉरिस ग्वायर यांनीं असा निकाल द्यावा, हें धैर्य लहान नव्हे. त्याच महिन्यांत गव्हर्नर-जनरलांनीं वटहुकूम काढून मूळ कायदाच मागील तारखेपासून बदलला व जुने हुकूम शाबूत केले. १९४५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तर, कायद्यांतील सर्वसाधारण अधिकारांत तो नियम पहिल्यापासूनच बसत होता, असा निर्वाळा दिला.