ऑस्ट्रेलियन शेफर्ड कुत्र्यांचे रंग

ऑस्ट्रेलियन शेफर्ड ही गुरे व मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची एक जात आहे. नावात ऑस्ट्रेलिया असले तरी या जातीचा विकास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागात झाला. अमेरिकन केनेल क्लबने तिला १९९१ साली मान्यता दिली. अंगावरील ठिपकेदार रंगछटा आणि डोळ्यांच्या रंगांतील विविधता यांसाठी ही जात ओळखली जाते.

मान्य रंग

जातीच्या प्रमाणकानुसार काळा, ब्ल्यू मर्ल, लाल आणि रेड मर्ल हे चार मूळ रंग मान्य असून त्यांत पसंतीचा क्रम नाही. येथे ‘लाल’ म्हणजे प्रत्यक्षात तपकिरी रंग होय. काळा रंग तपकिरीवर प्रभावी असल्याने, तपकिरी पिल्लू जन्मण्यासाठी त्या रंगाचे जनुक आई व वडील अशा दोघांकडूनही यावे लागते. काळ्या व ब्ल्यू मर्ल कुत्र्यांचे नाक काळे, तर लाल व रेड मर्ल कुत्र्यांचे नाक तपकिरी असते.

खुणा

चारही रंगांत पांढऱ्या व तांबूस खुणा असू शकतात. तांबूस खुणा बहुधा भुवयांवर, गालांवर आणि पायांवर आढळतात. पांढरा रंग मान, छाती, पाय व मुस्कटावर चालतो. मात्र डोळ्यांभोवतीची त्वचा व केस पूर्णपणे रंगीत असावे लागतात. खांद्यांचा उंचवटा आणि शेपूट यांच्यामधील भागावर पांढरे पट्टे असलेला कुत्रा प्रदर्शनात अपात्र ठरतो.

मर्ल रंगछटा

मर्ल कुत्र्याच्या अंगावर फिकट पार्श्वभूमीवर गडद रंगाचे अनियमित ठिपके दिसतात. काळ्या रंगाचे फिकट भाग निळसर करडे दिसतात, म्हणून त्यास ब्ल्यू मर्ल म्हणतात. पीएमईएल या जनुकात डीएनएचा एक जादा तुकडा शिरल्याने ही छटा निर्माण होते, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. हा बदल काळे व तपकिरी रंगद्रव्य फिकट करतो. तांबूस खुणांवर त्याचा परिणाम होत नाही. वाढत्या वयाबरोबर मर्ल कुत्र्यांचा रंग गडद होत जातो.

डोळ्यांचा रंग

डोळे तपकिरी, निळे किंवा पिवळसर असू शकतात. काहींचे दोन डोळे वेगवेगळ्या रंगांचे असतात, तर काहींच्या एकाच बुबुळात दोन रंगांचे मिश्रण दिसते. मर्ल जनुकामुळे बुबुळातील रंगद्रव्य कमी झाल्यास डोळा निळा दिसतो. असा निळा रंग हे स्वतः आंधळेपणाचे लक्षण नाही. मर्ल नसलेल्या कुत्र्यांतही निळे डोळे आढळतात. त्यामागे वेगळे आनुवंशिक कारण असते.

प्रजननातील धोका

मर्ल जनुकाची एक प्रत आकर्षक रंग देते. दोन प्रती मात्र घातक ठरू शकतात. प्रत्येकी एक प्रत असलेल्या दोन मर्ल कुत्र्यांचा संकर केल्यास प्रत्येक पिल्लाला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के असते. अशी ‘दुहेरी मर्ल’ पिल्ले बव्हंशी पांढरी असतात. आंतरकर्णाच्या कार्यासाठी रंगपेशी आवश्यक असल्याने, त्यांच्या अभावी अनेक पिल्ले बहिरी होतात. काहींचे डोळे लहान किंवा सदोष राहतात, तर काही पूर्ण आंधळी जन्मतात. मेंढपाळाच्या हाकेवर आणि शिटीवर काम करणाऱ्या जातीत हे दोष विशेष गंभीर ठरतात.

मर्ल आणि मर्ल नसलेला कुत्रा यांच्या संकरात पिल्लांना दोन प्रती मिळत नाहीत. तथापि, काही कुत्र्यांत मर्लचा ठिपका इतका लहान असतो की तो सहज नजरेस येत नाही. त्यामुळे केवळ बाह्य रंगावर विसंबून न राहता प्रजननापूर्वी डीएनए चाचणी करणे हितावह ठरते.