थेट प्रक्षेपण अडखळते तेव्हा : दोष कोठे, उपाय कोणता?

मक्याच्या पोंग्यात अमेरिकन लष्करी अळी दिसू लागल्यावर शेतकऱ्याच्या हाती फार दिवस नसतात. अळी लहान असेपर्यंत फवारणीचा परिणाम चांगला होतो. ती मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली आणि विष्ठेने वरचे तोंड बुजले, की कीटकनाशक तिच्यापर्यंत पोहोचणे अवघड होते. अशा वेळी थेट प्रक्षेपणातून तज्ज्ञ मात्रा सांगत असतात : १० लिटर पाण्यात इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी ४ ग्रॅम. नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर चकती फिरू लागते आणि आवाज परत येतो तेव्हा वक्ता पुढील मुद्द्यावर गेलेला असतो. यातील 'दहा' हा एक शब्द निसटला, तर एका लिटरला ४ ग्रॅम, म्हणजे शिफारशीच्या दहापट मात्रा ऐकणाऱ्याच्या मनात राहू शकते. म्हणूनच प्रक्षेपणातील अडथळा हा विस्तार कार्यातील गंभीर दोष मानून त्याचे निदान व्हायला हवे.

अडथळा म्हणजे नेमके काय?

कॅमेऱ्यातील चित्र व ध्वनी प्रथम संकुचित होतात, इंटरनेटवरून यूट्यूबसारख्या मंचाच्या सर्व्हरवर चढतात, तेथे काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागले जातात आणि मग दर्शकाच्या फोनवर उतरतात. फोन हे तुकडे थोडे आधीच साठवून ठेवतो. हा साठा म्हणजेच बफर. कालव्याचे पाणी हौदात घ्यावे आणि हौदातून ठिबकला द्यावे, तशीच ही व्यवस्था असते. आवक खपापेक्षा कमी झाली की हौद रिकामा होतो आणि नवा साठा जमेपर्यंत चित्र थांबते.

झूम किंवा गुगल मीटवरील बैठकीत मात्र हा हौद अगदी लहान असतो, कारण तेथे संवाद तत्क्षणी व्हावा लागतो. त्यामुळे जोडणी क्षीण झाली की बैठकीत आवाज तुटतो आणि तुटलेले शब्द परत येत नाहीत.

आधी निदान, मग उपचार

कीड ओळखल्याशिवाय फवारणी करू नये, हा नियम येथेही लागू पडतो. कार्यक्रम चालू असताना दोन-तीन गावांतील दर्शकांना दूरध्वनी करून विचारावे. सर्वत्र एकाच क्षणी प्रक्षेपण थांबत असेल, तर दोष बहुधा प्रसारकाच्या बाजूस असतो. एकाच गावातील सर्वांना त्रास होत असेल, तर तेथील टॉवरवर भार आहे किंवा त्याची जोडणी क्षीण आहे, असे समजावे. एकाच व्यक्तीला अडचण असेल, तर तिचा फोन, डेटा किंवा वायफाय तपासावे. प्रसारण कक्षातही एक फोन वेगळ्या कंपनीच्या नेटवर्कवर ठेवून त्यावर प्रक्षेपण पाहत राहावे. यूट्यूबच्या नियंत्रण कक्षात प्रवाहाची स्थिती दिसते, तिच्याकडेही लक्ष असावे.

प्रसारकाने काय करावे?

वेग मोजताना बहुतेक जण डाउनलोडचा आकडा पाहतात. प्रसारकासाठी अपलोडचा आकडा महत्त्वाचा असतो आणि मोबाइल जोडणीत तो बहुधा बराच कमी असतो. मोजलेला अपलोड वेग हा निवडलेल्या बिटरेटच्या सुमारे दुप्पट असावा. २.५ एमबीपीएसने ७२० पी चित्र पाठवायचे असेल, तर ५ एमबीपीएस अपलोड हाताशी हवा. तो नसेल तर ४८० पी निवडून बिटरेट १ एमबीपीएसच्या आसपास आणावा. अळीने पाडलेली छिद्रे दाखवायची असतील, तर कॅमेरा पानाजवळ न्यावा; दुरून टिपलेल्या उच्च दर्जाच्या चित्रापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

सॉफ्टवेअरमध्ये की-फ्रेमचे अंतर २ सेकंद ठेवावे. यूट्यूबवर विलंबाचा पर्याय 'सामान्य' ठेवावा. अतिअल्प विलंब निवडल्यास बफर लहान होतो आणि चित्र वारंवार थांबते. प्रश्न काही सेकंद उशिरा आले तरी कीड सल्ल्यात त्याने फारसे बिघडत नाही. केंद्रात वायफायऐवजी राउटरला थेट केबल जोडावी आणि त्या वेळात इतर संगणकांवरील अद्ययावतीकरण व फोनमधील छायाचित्रांचा बॅकअप बंद ठेवावा.

शेतावरील प्रात्यक्षिकात आणखी एक कारण संभवते. भर उन्हात फोन तापला की त्याचा प्रोसेसर आपोआप मंदावतो आणि नेटवर्क उत्तम असूनही चित्र अडखळते. फोन सावलीत ठेवावा, जाड कव्हर काढावे आणि प्रक्षेपण चालू असताना शक्यतो चार्जिंग टाळावे.

दर्शकाने काय पाहावे?

प्रथम दैनंदिन डेटा शिल्लक आहे का, ते तपासावे. अनेक योजनांत मर्यादा संपताच वेग ६४ केबीपीएसपर्यंत उतरतो आणि त्यावर व्हिडिओ चालत नाही. डेटा शिल्लक असेल तर चित्राचा दर्जा स्वतः २४० पी किंवा १४४ पी वर आणावा. २.५ एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला सुमारे १.१ जीबी डेटा वापरतो, तर ६४ केबीपीएसचा केवळ ध्वनी सुमारे २९ एमबी. बैठकीत असाल तर आपला कॅमेरा बंद ठेवावा.

ग्रामपंचायतीत ३० शेतकरी जमले असताना प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर तेच प्रक्षेपण लावले, तर एकाच टॉवरवर तीसपट भार येतो. एक फोन मोठ्या पडद्याला व ध्वनिक्षेपकाला जोडून बाकीच्यांचा डेटा बंद ठेवला, तर सर्वांनाच नीट ऐकू येते.

मात्रा निसटू नये म्हणून

एवढी काळजी घेऊनही प्रक्षेपण कधीतरी थांबणारच, हे गृहीत धरून कार्यक्रमाची आखणी करावी. वक्त्याने प्रत्येक मात्रा दोनदा, किमान मिनिटभराच्या अंतराने सांगावी आणि 'लिटरला ०.४ ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या पंपाला ४ ग्रॅम' अशा दोन्ही रीतींनी सांगावी. ती फलकावर लिहून कॅमेऱ्यासमोर ठेवावी. कार्यक्रम संपताच तोच मजकूर व्हॉट्सॲप गटावर अक्षरी पाठवावा. मजकुराचा संदेश क्षीण जोडणीवरही पोहोचतो. मागे जाऊन ऐकण्याची सोय चालू ठेवावी आणि ध्वनिमुद्रण त्याच दिवशी उपलब्ध करावे. ज्याला इंटरनेट मिळतच नाही, त्याने किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारून घ्यावे. अर्धवट ऐकलेल्या आकड्यावर पंप भरू नये, ही सूचना कार्यक्रमाच्या आरंभी आणि शेवटी आवर्जून द्यावी.