आधी पाऊस, मग तिकीट
सेरेंगेटीला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी सुट्ट्यांचा हिशोब होतो आणि उरलेल्या आठवड्यात बसेल ती सहल पक्की केली जाते. टांझानियाच्या उत्तर भागासाठी हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. तिथे काय दिसेल हे उद्यानाच्या नावावर नव्हे, पावसावर ठरतं. बारा-तेरा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे, हरणं वर्षभर कोवळ्या गवतामागे फिरत असतात. उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं. चुकीच्या महिन्यात चुकीच्या टोकाला मुक्काम पडला, तर ते कळप दिवसभराच्या वाटेवर असतात.

माझ्या मते पहिल्या सफारीसाठी सर्वांत चांगला महिना फेब्रुवारी, आणि जागा दक्षिणेकडचा एंडुटूचा परिसर. त्याचं कारण मातीत आहे. गोरोंगोरोच्या डोंगराळ पट्ट्यातल्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं या मैदानांवर पडत आली. त्या राखेचा खाली टणक थर झाला. झाडांची मुळं त्यात शिरत नाहीत, म्हणून तिथे आखूड गवतच वाढतं. पण त्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणजे दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं हवं ते. म्हणून पावसाचं पाणी असेपर्यंत कळप इथे येतात आणि बहुतेक माद्या अवघ्या दोन-तीन आठवड्यांत वितात. एकाच वेळी इतकी पिल्लं जन्मतात की तरस आणि सिंहांनी कितीही खाल्ली तरी बहुतेक वाचतात. जन्मलेलं पिल्लू काही मिनिटांत उभं राहून आईमागे धावू लागतं. गवत घोट्याएवढं, त्यामुळे दूरवर बसलेला चित्ताही नजरेतून सुटत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एवढ्या लांब जायचं आणि मारा नदी ओलांडणारे कळप पाहायचे नाहीत? ते दृश्य विलक्षण आहे, यात वाद नाही. पण त्याची वेळ कुणालाच सांगता येत नाही. कळप काठावर तासन् तास थांबतो आणि कधी पाणी न ओलांडताच मागे फिरतो. काठावर गाड्यांची दाटी झाली की जनावरं बुजतात, हे तर अधिकच दुःखाचं. ज्यांना तेच पाहायचं आहे त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्तरेला किमान चार रात्री काढाव्यात. एका दिवसात ते उरकण्याची आशा धरू नये.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. फेब्रुवारीत आपल्याकडे परीक्षा तोंडावर असतात आणि सुट्टी मिळते ती मे महिन्यात. पण मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस. सेरेंगेटीच्या बऱ्याच भागात आपल्या रेगुरासारखी काळी माती आहे. ती भिजली की गाडी कशी रुतते, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. काही तंबू-निवास तेव्हा बंदही असतात. शाळकरी मुलं असतील तर दिवाळीची सुट्टी बरी. ती ऑक्टोबरात आली तर उत्तरेला राहावं. नोव्हेंबरात छोटा पाऊस सुरू होतो आणि कळप दक्षिणेकडे परतू लागतात. निवृत्त मंडळींनी मात्र फेब्रुवारी सोडू नये.

खर्चाचा मुद्दा उरतो. इतके पैसे घातल्यावर पाच उद्यानं पाहून घ्यावीत, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण प्रवेशशुल्क दर माणशी, दर चोवीस तासांचं असतं, आणि सतत मुक्काम हलवला की त्यातले कित्येक तास खडबडीत रस्त्यावरच जातात. सात रात्रींत सेरेंगेटीला चार, गोरोंगोरोला एक आणि आरुशा शहराकडच्या वाटेवर तारांगिरे उद्यानाला दोन, एवढं पुरे. गोरोंगोरोचं विवर सुमारे सहाशे मीटर खोल आहे आणि मुक्काम असतो तो त्याच्या उंच कडेवर; आफ्रिका म्हणून फक्त सुती कपडे नेले तर पहाटे हुडहुडी भरते. आतल्या प्रवासाला छोटं विमान असेल तर सहसा पंधरा किलोच सामान चालतं, तेही मऊ पिशवीत. केनियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. दाखला त्यानंतरच ग्राह्य धरतात.