प्रथिने न घडवणारा आरएनए काय करतो?

कोविडच्या साथीनंतर ‘एमआरएनए’ हा शब्द घरोघरी पोहोचला. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली आणि तो आणखी ओळखीचा झाला. त्यातून एक समजूत मात्र पक्की झाली : आरएनए म्हणजे निरोप्या. डीएनएमधला मजकूर उतरवून घ्यायचा, प्रथिने तयार होतात तिथे पोहोचवायचा, की त्याचे काम संपले. एमआरएनएपुरते हे खरे आहे. पण पेशीतल्या एकूण आरएनएमध्ये एमआरएनएचा वाटा अगदी थोडा असतो. उरलेल्या आरएनएपासून प्रथिने बनत नाहीत. त्यांना नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. कोणते प्रथिन केव्हा आणि किती बनावे, यावर त्यांतल्या कित्येकांचे नियंत्रण असते. मूलपेशीचे मूलपेशीपण टिकवण्यात आणि कर्करोग फोफावण्यात त्यांचा हात कसा असतो, हे गेल्या तीस वर्षांत उलगडत गेले. गैरसमजही तितक्याच वेगाने पसरले.

गैरसमज : प्रथिन बनत नाही, म्हणजे उपयोग नाही

माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. प्रथिनांची जनुके साधारण वीस हजार. त्यांतला प्रत्यक्ष प्रथिनांसाठी वापरला जाणारा मजकूर दोन टक्क्यांहूनही कमी. मग बाकीचे कशासाठी? सुसुमु ओहनो यांनी १९७२मध्ये वापरलेला ‘जंक डीएनए’ हा शब्द या उरलेल्या भागाला चिकटला तो चिकटलाच.

त्याला धक्का बसला तो एका कृमीमुळे. सी. एलिगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, मातीत राहणारा जीव. त्याच्या एका वाणात लिन-४ हे जनुक बिघडलेले होते. या कृमींची वाढ पुढे सरकतच नसे. अळीच्या पहिल्या अवस्थेतच जी पेशीविभाजने व्हायची, तीच पुन्हा पुन्हा होत राहत. शरीर वाढे, पण प्रौढ अवयव तयार होत नसत. अंडी बाहेर टाकण्याचे छिद्रही बनत नसे, त्यामुळे ती शरीरातच साठत. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि त्यांचे सहकारी हे जनुक शोधत होते तेव्हा त्यातून एखादे प्रथिन हाती लागेल, हीच सर्वांची अपेक्षा होती. हाती आला तो अवघ्या २२ अक्षरांचा आरएनए. गॅरी रुव्हकुन तेव्हा लिन-१४ या दुसऱ्या जनुकावर काम करत होते. दोघांनी आपापले क्रम शेजारी ठेवून पाहिले, तर लिन-४चा चिमुकला आरएनए लिन-१४च्या एमआरएनएच्या शेपटीशी जुळत होता. तो तिथे चिकटला की लिन-१४चे प्रथिन बनणे थांबते आणि कृमी पुढच्या अवस्थेत जातो.

हे शोधनिबंध १९९३मध्ये छापून आले आणि फारशी कुणी त्यांची दखल घेतली नाही. कृमीची काहीतरी खासियत असेल, असे मानले गेले. २००० साली रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेत लेट-७ हा असाच दुसरा चिमुकला आरएनए, म्हणजे मायक्रोआरएनए, सापडला. तो माश्यांत, माशांत आणि माणसातही जसाच्या तसा आहे, हे दिसल्यावर चित्र पालटले. २०२४चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ॲम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना मिळाले ते याच कामासाठी.

यातून उलट टोकाचा गैरसमजही निघाला : जनुकसंचातले सगळेच कामाचे आहे. २०१२मध्ये एन्कोड या मोठ्या प्रकल्पाने ८० टक्के जनुकसंचात काही ना काही जैवरासायनिक हालचाल दिसते असे जाहीर केले, आणि त्याचा अर्थ ‘८० टक्के उपयुक्त’ असा लावला गेला. त्यावर उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी कडाडून टीका केली, आणि ती रास्त होती. एखाद्या भागापासून आरएनए बनतो, एवढ्यावरून त्याला काम आहे असे ठरत नाही. तो काढून टाकल्यावर काय बिघडते, हे पाहावे लागते.

गैरसमज : मूलपेशी जीवदान देणाऱ्या, कर्करोग जीव घेणारा, दोघांचा काय संबंध?

लेट-७ची खरी गंमत इथे आहे. भ्रूणातल्या मूलपेशींना दोन गोष्टी साधायच्या असतात : विभाजत राहायचे आणि तूर्तास कोणतीही विशिष्ट पेशी व्हायचे नाही. लेट-७चे काम नेमके उलटे आहे. तो पेशीला प्रौढत्वाकडे नेतो. म्हणून मूलपेशीत त्याला रोखून धरावे लागते. तिथे लेट-७च्या जनुकापासून कच्चा, वळसा पडलेला आरएनए तयार होतो. पण लिन-२८ नावाचे प्रथिन त्या वळशाला धरून बसते. मग त्या कच्च्या आरएनएला युरिडिन या घटकाची शेपटी जोडली जाते आणि पेशी त्याचे तुकडे करून टाकते. पक्का लेट-७ बनतच नाही. पुढे पेशी एखाद्या दिशेने घडू लागली की लिन-२८ ओसरते, लेट-७ वाढतो आणि उरलेसुरले लिन-२८ही दाबून टाकतो. आता मागे फिरणे अवघड.

अवघड, पण अशक्य नाही. २००७मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन इथे जेम्स थॉमसन यांच्या गटाने माणसाच्या घडलेल्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे बनवले. त्यासाठी वापरलेल्या चार घटकांपैकी एक होता लिन-२८.

कर्करोगाची पेशीही हीच वाट धरू शकते. जपानी संशोधकांनी २००४मध्ये दाखवले, की ज्या रुग्णांच्या फुफ्फुसाच्या गाठींमध्ये लेट-७ घटलेला होता, ते शस्त्रक्रियेनंतर कमी काळ जगले. पुढच्याच वर्षी कारणाचा एक धागा सापडला : वाढीचा इशारा देणारे रास हे प्रथिन लेट-७ आवरून धरतो. स्तनाच्या कर्करोगात नवी गाठ सुरू करण्याची क्षमता असलेल्या पेशींतही लेट-७ फार कमी आढळला. तो बाहेरून पुरवल्यावर उंदरांमध्ये गाठी धरण्याची त्या पेशींची ताकद घटली.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण अशा पेशींसाठीचा ‘कर्करोग-मूलपेशी’ हा शब्द ऐकून अनेक कुटुंबे घाबरतात. हे नाव त्या पेशींच्या वागण्यावरून पडले आहे. प्रत्येक कर्करोग शरीरातल्या निरोगी मूलपेशी बिघडूनच होतो, असा त्याचा अर्थ नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात दात्याकडून घेतल्या जाणाऱ्या रक्तमूलपेशी वेगळ्याच. त्यांनी रक्ताच्या कर्करोगाचे असंख्य रुग्ण वाचवले आहेत.

गैरसमज : प्रथिनाचे जनुक बिघडल्याशिवाय कर्करोग होत नाही

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा बहुधा उतारवयातला रक्ताचा कर्करोग. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या कर्कपेशींत १३व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात कर्करोगाला अटकाव करणारे एखादे प्रथिन-जनुक असणार, या खात्रीने संशोधकांनी वर्षानुवर्षे शोध घेतला. २००२मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाला तिथे सापडले दोन मायक्रोआरएनए, मिर-१५ आणि मिर-१६. पेशीला मरू न देणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनावर ते अंकुश ठेवतात. ते गेले की पेशी वेळेवर मरत नाही आणि साठत जाते. त्याच बीसीएल-२ला रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध आज सीएलएलच्या उपचारात वापरले जाते. ते स्वतंत्र वाटेने तयार झाले, पण दोन्ही वाटा एकाच प्रथिनापाशी येऊन मिळाल्या.

गैरसमज : काही आरएनए कर्करोगाचे, काही कर्करोगाविरुद्धचे

अशा सरळ याद्या वाचायला सोप्या, म्हणून लोकप्रिय. मॅलॅट-१ या नॉन-कोडिंग आरएनएची कहाणी त्या खोट्या पाडते. २००३मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या प्रसाराशी त्याचा संबंध दिसला आणि त्याच्या नावातच ‘मेटास्टॅसिस’, म्हणजे प्रसार, आले. २०१२मध्ये तीन गटांनी तो पूर्ण काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते ठणठणीत वाढले. २०१८मध्ये एका अभ्यासाने स्तनाच्या कर्करोगात तो प्रसाराला आळाच घालतो, असा निष्कर्ष मांडला. कोणती पेशी, तिची कोणती अवस्था, आरएनएची किती मात्रा आणि तो काढून टाकण्याची कोणती पद्धत, हे सांगितल्याशिवाय ‘हा आरएनए घातक’ या विधानाला अर्थ नसतो.

गैरसमज : आता चाचणी आणि औषध दोन्ही हाताशी आहे

चाचणीच्या बाबतीत एक पाऊल नक्कीच पडले. पीसीए-३ हा पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगात वाढणारा नॉन-कोडिंग आरएनए मूत्रात मोजता येतो, आणि त्या चाचणीला अमेरिकेत २०१२मध्ये मान्यता मिळाली. तिचा उपयोग मर्यादित आहे : आधीच्या बायॉप्सीत कर्करोग न सापडलेल्या पुरुषाची बायॉप्सी पुन्हा करावी का, हे ठरवायला ती मदत करते. थेंबभर रक्तातून सगळे कर्करोग ओळखण्याच्या दाव्यांशी तिचा संबंध नाही.

औषधाचा अनुभव कठोर आहे. मिर-३४ हा कर्करोगाला आवर घालणारा मायक्रोआरएनए मेदाच्या सूक्ष्म थेंबांत भरून रुग्णांना देण्याची चाचणी २०१३मध्ये सुरू झाली. काहींच्या गाठी आकसल्याही. पण प्रतिकारशक्ती बेफाम झाल्याने गंभीर दुष्परिणाम झाले, चार रुग्ण दगावले आणि २०१६मध्ये चाचणी थांबवावी लागली. प्रयोगशाळेतल्या बशीत उत्तम चालणारा आरएनए शरीरात नेमक्या गाठीपर्यंत, न तुटता आणि प्रतिकारयंत्रणेला न चिथावता पोहोचवणे, हाच आजही मोठा अडसर आहे. एसआयआरएनए या प्रकारच्या छोट्या आरएनएवर आधारलेले पहिले मान्यताप्राप्त औषध, २०१८चे पॅटिसिरान, मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक विकारावरचे आहे आणि ते काम करते यकृतात, कारण तिथे आरएनए पोहोचवणे तुलनेने सोपे जाते.

म्हणूनच ‘आरएनएयुक्त मूलपेशी उपचार’ अशी जाहिरात दिसली तर भारतातले नियम ठाऊक असलेले बरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठरावीक आजारांसाठीचे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा कोणताही वापर प्रायोगिक मानला जातो आणि तो फक्त मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो. अशी प्रत्येक चाचणी ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदवहीत असावी लागते. ही नोंदवही कुणालाही पाहता येते. डॉक्टरांकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे, आणि प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेणे त्या तत्त्वांत बसत नाही.