लॉगफोरजे: आधी त्यालाच विचारा

सर्व्हर सुरू आहे, तक्रारींचे फोन वाजताहेत आणि लॉगची फाइल शून्य बाइटची! जावामध्ये काम करणाऱ्यांना ही रात्र कधी ना कधी काढावीच लागते. प्रोग्रॅम चुकला तर लॉग वाचता येतो. पण लॉगच गप्प बसला तर कुणाला विचारायचं?

युरोपीय संघाच्या ‘सेम्पर’ प्रकल्पाने १९९६ साली प्रोग्रॅमचा माग काढण्यासाठी स्वतःची व्यवस्था लिहायला घेतली. तिचंच वाढत गेलेलं रूप म्हणजे लॉगफोरजे. जेकी ग्युल्जू हे तिचे प्रमुख शिल्पकार. पुढे ‘एसएलएफफोरजे’ आणि ‘लॉगबॅक’ ही भावंडंही त्यांच्याच हातून आली. लॉगफोरजे अपाची संस्थेच्या छत्राखाली गेलं आणि जावाच्या जगात घरोघरी पोचलं.

रचना साधी आहे. ‘लॉगर’ नोंद स्वीकारतो, ‘अपेंडर’ ती फाइलमध्ये किंवा कन्सोलवर पोचवतो आणि ‘लेआउट’ तिला रूप देतो. ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर, फेटल अशा पातळ्या चढत जातात. इन्फो ठेवली की डीबगच्या नोंदी गळतात. लॉगरची नावं पॅकेजच्या नावांसारखी टिंबांनी जोडलेली असतात आणि पोराला पातळी दिली नसेल तर तो आईबापांची घेतो. मला या कल्पनेचं आजही कौतुक वाटतं, कारण एका ओळीत अख्ख्या पॅकेजचा आवाज कमी-जास्त करता येतो. मात्र पोराची नोंद आईबापांच्या अपेंडरकडेही जाते. दोघांनाही एकच फाइल लावली की प्रत्येक ओळ दोनदा उमटते. तिथे ‘अॅडिटिव्हिटी’ फॉल्स करायची, बस्स.

खरी डोकेदुखी वेगळीच असते. तुम्ही एक कॉन्फिगरेशन फाइल सुधारत बसता आणि प्रोग्रॅम दुसरीच वाचत असतो. जुनी १.२ आवृत्ती आधी ‘लॉगफोरजे डॉट एक्सएमएल’ शोधते, ती न सापडली तरच ‘प्रॉपर्टीज’ फाइलकडे वळते. कुठल्याशा लायब्ररीच्या जारमध्ये अशी एक्सएमएल पडून राहिली असेल, तर तुमच्या प्रॉपर्टीजला कुणी विचारत नाही. दुसऱ्या आवृत्तीत नावात ‘टेस्ट’ असलेली फाइल आधी मानली जाते. चाचणीची फाइल चुकून प्रॉडक्शनच्या जारमध्ये गेली की संपलंच. काहीच सापडलं नाही तर दुसरी आवृत्ती फक्त एरर कन्सोलवर टाकते. पहिली मात्र ‘नो अपेंडर्स कुड बी फाउंड’ असा इशारा देऊन गप्प होते. हा इशारा स्टार्टअपच्या गर्दीत वाहून जातो आणि लोक कोड उसवत बसतात.

मार्गाचीही एक खोड आहे. लॉगच्या फाइलचा पत्ता ‘लॉग्स’पासून सुरू केला, तर तो प्रोसेस जिथून चालू झाली त्या फोल्डरपासून मोजला जातो. लॅपटॉपवर प्रोजेक्टमध्ये फाइल दिसते. सिस्टमडीने सर्व्हिस चालवली की सुरुवात मुळाच्या फोल्डरपासून होते आणि तिथे लिहायची परवानगी बहुधा नसतेच. म्हणून पत्ता पूर्ण लिहावा.

डिसेंबर २०२१मध्ये ‘लॉगफोरशेल’ हा दोष जगजाहीर झाला. नोंदीत आलेला मजकूर लॉगफोरजे उलगडू पाहायचं आणि त्या वाटेने परका कोड सर्व्हरवर चालवता यायचा. गांभीर्य दहापैकी दहा. आपल्या कोणत्या जारमध्ये कोणती आवृत्ती आहे, हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. मेव्हनचं ‘डिपेंडन्सी ट्री’ काढून पाहण्याची सवय तेव्हा उपयोगी पडली. लॉग बिघडल्यावरही तेच पाहावं, कारण दोन लॉगिंग लायब्रऱ्या एकत्र आल्या की नोंदी भलतीकडेच जातात.

तेव्हा पुढच्या वेळी कोडला हात लावण्याआधी जावाच्या कमांडमध्ये पहिल्या आवृत्तीसाठी ‘लॉगफोरजे डॉट डीबग’, दुसरीसाठी ‘लॉगफोरजे२ डॉट डीबग’ ही प्रॉपर्टी ट्रू करा. कोणती फाइल शोधली, कुठे सापडली, हे लॉगफोरजे स्वतःच छापतं. आणि अजून १.२ वापरत असाल तर ती बदला. तिची देखभाल ऑगस्ट २०१५मध्येच थांबली आहे.